अठरा भोकांचा उलटा फेरा

त्या कारखान्यात छताचे पंखे तयार होत. तिथे हुद्दे पुष्कळ होते, पण वट एकाच खुर्चीला होती, आणि त्या खुर्चीवर गेली बावीस वर्षं दुर्बीणकाकू बसत होत्या.

खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हे. बिनखिडकीच्या एका खोलीत मांडलेली साधी लाकडी खुर्ची, आणि तिच्यावर घरून आणलेली उशी. खोलीतून एक साखळी सरकत जाई. साखळीला आकडे होते आणि आकड्यांना पाती न लावलेल्या मोटारी टांगलेल्या असत. भिंतीपलीकडे त्यांना वीज जोडली जाई, तिथेच दहा मिनिटं फिरून त्या तापत, आणि मग भरवेगात गरगरत एकेक करून काकूंसमोर येत. मोटर सुलट फिरत असली तर काकू तिच्या दांड्याला हिरवी चिठ्ठी लावत, उलट फिरत असली तर लाल. उलट्या मोटरीला पाती लावली की पंखा खाली वारा द्यायचा सोडून छताला देतो, आणि खाली बसलेला माणूस पंखा चालू असून घामाघूम होतो. तेव्हा काम जोखमीचं. काकूंनी हात वर केला की अख्खी साखळी थांबे. साहेबांनी हात वर केला तर फार तर चहा येई.

बावीस वर्षांत काकूंच्या समोरून एकही उलटी मोटर सुटली नव्हती. मोटर वाऱ्यासारखी फिरतेय, कडा नुसती धूसर दिसतेय, आणि ही बाई पापणी लवायच्या आत सांगते की उलट आहे. दुर्बीणकाकू हे नाव त्यातूनच पडलं. नाव पडल्यावर काकूही जरा मान मागे टाकून, एक डोळा बारीक करून बघायला लागल्या. नावाची शान राखावी लागते.

या शानीला घोर एकच होता, आणि तो पॅकिंग विभागात बसत होता. काकूंची नणंद. तिला सगळे पॅकिंगताई म्हणत. तिच्या हाताखाली बाराजणी होत्या, त्या एकसारखे निळे एप्रन, निळ्या टोप्या आणि धुळीचे मास्क लावून खोकी भरत. कारखान्याचा रिवाज असा, की ज्याची नजर किंवा कंबर कामातून गेली त्याला पॅकिंगमध्ये धाडायचं. काकू चाळिशी ओलांडून पुढे सरकू लागल्या तशी ताई जेवणाच्या सुट्टीत आपुलकीनं विचारू लागली, "वहिनी, सुईत दोरा जातो ना अजून?" दोरा जात होता. पण तो जाताना ताई बघत नाही ना, एवढं काकू आधी बघून घेत.

घरी काकूंचे यजमान, म्हणजे ताईचे दादा, यांनी या बाबतीत आयुष्यभर एकच धोरण ठेवलं होतं. बायको बोलली की हो, बहीण बोलली की हो, आणि दोघी एकदम बोलल्या की ते चप्पल दुरुस्त करायला बाहेर पडत. त्यांच्या चपला गल्लीत सगळ्यांत मजबूत होत्या.

तर एका सोमवारी साहेबांनी सुधारणा आणल्या. साहेब वयानं लहान आणि उत्साहानं मोठे. काकूंच्या खोलीतले पिवळे, भट्टीसारखे तापणारे जुने बल्ब गेले आणि पांढरे, चपटे, गारेगार दिवे आले. शिवाय सुरक्षेसाठी सगळ्यांना जाड हातमोजे मिळाले. काकूंनी दिवे पाहिले, हातमोजे चढवले आणि साहेबांना म्हणाल्या की आता कसं लख्ख झालं. हे वाक्य पुढे त्यांना फार महागात पडलं.

लख्ख झालं हे मात्र खरं. मोटरीच्या वरच्या झाकणावर गोलाकार अठरा भोकं असतात, मोटर तापू नये म्हणून. बावीस वर्षं ती भोकं फिरताना कोणाला दिसली नव्हती, आता दिसू लागली. मंगळवारी सकाळी पहिली मोटर आली आणि तिची अठराच्या अठरा भोकं सावकाश, पोट भरल्यावर शतपावली करावी तशी, मागे चालली होती. काकूंनी लाल चिठ्ठी लावली. दुसरी मोटर सुलट. तिसरी मागे. चौथी मागे. दुपारपर्यंत लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपला आणि भांडारातून नवा आणावा लागला. असं याआधी कधीच झालं नव्हतं.

लाल चिठ्ठीची मोटर तारमास्तरांकडे परत जाई. मोटरीच्या पोटात तारा गुंडाळून त्यांची टोकं जोडायचं काम त्यांचं. दोन टोकांची अदलाबदल केली की उलटी मोटर सुलट होते, पण मुळात उलटी होण्याचा प्रकार त्यांच्याकडे वर्षाकाठी एकदा-दोनदा व्हायचा, आणि त्या दिवशी ते जेवत नसत. आता एका दिवसात सत्तर मोटारी समोर येऊन पडल्यावर ते काकूंच्या दारात आले. त्यांच्या मिशा झुपकेदार होत्या आणि रागावले की आधी त्या थरथरत.

"बाई, या सत्तरांतल्या दहा जरी माझ्या हातून उलट्या गेल्या असतील ना, तर मी मिशी उतरवीन."

काकू म्हणाल्या की त्यांना मिशीशी काही कर्तव्य नाही, त्या भोकांकडे बघतात. साहेबांना मध्ये पडावं लागलं. साहेबांनी स्वतः मोटरीकडे पाहिलं. भोकं मागे चालली होती. त्यांनी मास्तरांना पाहायला लावलं. मास्तरांनी पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, आणि परत जाऊन सत्तर मोटरींची टोकं बदलली. बदललेल्या मोटारी काकूंसमोरून परत गेल्या तेव्हा भोकं गुणी मुलांसारखी पुढे चालत होती. सत्तरला सत्तर हिरव्या चिठ्ठ्या.

बुधवारी मास्तर बिनमिशीचे आले. दारावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना ओळखपत्र मागितलं.

लोक हळहळले, हसले, आणि काकूंच्या नजरेचा दबदबा आणखी चढला. तो जेमतेम दुपारपर्यंत टिकला. दुपारी एक मोटर आली, तिची भोकं पुढेही जाईनात आणि मागेही. अठराही भोकं जागच्या जागी, स्तब्ध. मोटर बंद पडलीय हे उघडच होतं. बंद मोटरीची चिठ्ठी दांड्याला नाही, थेट झाकणावर लावायची असते. काकूंनी 'बंद' लिहिलेल्या चिठ्ठीला गोंद लावला आणि निर्धास्तपणे झाकणावर टेकवली.

मोटर बंद नव्हती. भरवेगात होती. चिठ्ठी हातातून सुटली, खोलीत दोन गिरक्या घेऊन आली आणि काकूंच्या कपाळावर चपखल बसली. नेमक्या त्याच क्षणी ताई रिकामी खोकी मोजायला दारात उभी होती. तिनं वहिनीच्या कपाळावरचं 'बंद' वाचलं, शांतपणे वाचलं, आणि आल्या पावली परत गेली. दहा मिनिटांत कारखान्याच्या टोकापर्यंत बातमी पोचली. ताईला एरवी जिना चढायला तेवढा वेळ लागे.

फिरती मोटर थांबलेली दिसते म्हणजे नजर गेली, याबद्दल कोणाचं दुमत राहिलं नाही. साहेब खुर्चीसमोर उकिडवे बसून हळुवारपणे म्हणाले की काकूंनी खूप केलं, आता थोडं हलकं काम बघावं. शनिवारी ठरवू. हलकं काम म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण संध्याकाळी ताई भावाच्या घरी आली ती सांगायलाच. पॅकिंगमध्ये एक निळा एप्रन काकूंच्या मापाचा निघालाय म्हणे. "आणि उशीची काळजी करू नका हं वहिनी, माझ्याकडे स्टूल आहेत, पण मऊ आहेत." काकूंनी यजमानांकडे पाहिलं. ते चपला शोधत होते.

गुरुवारी सकाळी काकू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता लावला. काकूंनी तो वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, आणि मग तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर उठून जवळ गेले, नाक टेकवून बघून आले आणि म्हणाले की इथे काही छापलंय हे त्यांना आजच कळलं. तुमचे डोळे उत्तम आहेत. काकूंना हे ऐकून बरं वाटलं नाही. डोळे बिघडले असते तर चष्म्यानं भागलं असतं. डोळे उत्तम असून मोटारी मागे चालतात, म्हणजे बिघाड आणखी वर असणार.

त्या कारखान्यात परतल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि उपाहारगृहात वेगळाच सोहळा चालू होता. साहेबांनी हिरव्या चिठ्ठीच्या ताज्या मालातून चार पंखे तिथे लावले होते, कामगारांसाठी भेट म्हणून. छोटं भाषण झालं, बटण दाबलं, चारही पंखे गरगरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि वारा आला नाही. कागदी रुमाल टेबलांवरून उठले आणि संथपणे वर गेले. चहाची वाफ सरळ पंख्याच्या पोटात गेली. वर किती वर्षांची जळमटं लोंबत होती कोण जाणे. तीही खडबडून जागी झाली आणि चुन्याच्या पोपड्यांसकट खाली उतरली. साहेबांच्या डोक्यावर आणि खांद्यांवर पांढरं साचलं. ते अचानक पन्नाशीचे दिसू लागले आणि तसे बरे दिसत होते.

चारही मोटारी उलट्या होत्या. आणि चारही मोटरींच्या दांड्याला काकूंची हिरवी चिठ्ठी होती.

तारमास्तर उठले. त्यांनी ओठांवरून हात फिरवला, तिथे काही नव्हतं, आणि ते अतिशय हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे सत्तर मोटारी मी सुलटच पाठवल्या होत्या. मग माझी मिशी कशापायी गेली?" साहेब म्हणाले, मिशी येईल. मास्तर म्हणाले, तशी नाही येणार.

शुक्रवारी काकू कोणी यायच्या आधी खोलीत जाऊन बसल्या. उद्या शनिवार. हिरव्या चिठ्ठीच्या दोनशे दहा मोटारी पॅकिंगमध्ये खोक्यांत बसल्या होत्या, त्यांतल्या किती उलट्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि दुपारी तीनला ट्रक यायचा होता. सकाळची साखळी सुरू झाली. पहिली मोटर आली, भोकं मागे चालू लागली. काकूंना ते बघवेना. त्यांनी उठून दिवे घालवले आणि मागचं लोखंडी दार उघडलं. अंगणातलं कोवळं ऊन आत आलं.

उन्हात भोकं नव्हतीच. नुसतं एक धूसर कडं.

काकूंनी दिवे लावले. अठरा भोकं हजर, मागे चाललेली. दिवे घालवले. भोकं गायब. लावले, हजर. घालवले, गायब. मग काकूंना हसू फुटलं. त्या बटणाशी उभ्या राहून खटाखट दिवे लावत-घालवत एकट्याच हसत होत्या, आणि वायरमन धावत आला तो शॉर्टसर्किट झालं समजून.

वायरमनच्या लक्षात लगेच आलं. दिवे बसवले त्यानंच होते. तो म्हणाला की हे दिवे हलक्यातले आहेत, दिसतात अखंड, पण सेकंदाला शंभर वेळा मिचकतात. दोन मिचकण्यांच्या मधल्या अंधारात प्रत्येक भोक पुढच्या भोकाच्या जागेवर जवळजवळ पोचतं, थोडंसं कमी पडतं. डोळ्याला सगळी भोकं सारखीच, त्याला वाटतं भोक तेच आहे आणि थोडं मागे सरकलंय. म्हणून अशी सुलट मोटर उलटी दिसते आणि उलटी सुलट; भोक जरा पुढे गेलं तर सगळं नीट दिसतं, आणि बरोबर जागेवर पोचलं तर वाटतं, मोटर थांबलीय.

काकूंना एवढं बरं वाटलं की त्यांनी त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं. तो बसला नाही. तो म्हणाला, "पण काकू, आधीच्या बल्बांत भोकं दिसत नव्हती ना? मग बावीस वर्षं तुम्ही बघत काय होता?"

खरंच, काय बघत होत्या त्या? धूसर कडं. पुढची मोटर समोर आली. काकूंनी हातमोजे काढले, मान मागे टाकली, एक डोळा बारीक केला, आणि त्याच वेळी त्यांचा डावा हात कोणी न सांगता पुढे गेला आणि मोटरीच्या गुळगुळीत कडेला बोटाची पाठ टेकवून परत आला. ताप बघायला म्हणून ही सवय पहिल्या वर्षी लागली होती. कडेनं बोट उजवीकडे ओढलं की मोटर सुलट, डावीकडे ओढलं की उलट. बोटाला कळायचं आणि नाव डोळ्यांचं व्हायचं. बावीस वर्षं मान बोटाचा, आणि तो मिरवला डोळ्यांनी.

आता खरी पंचाईत. साहेबांना एवढंच सांगावं की दिवे बदला, हातमोजे काढा, आणि दुर्बीणकाकू पुन्हा दुर्बीणकाकू. बोटाचं कोणाला कळायची गरज नव्हती. पण पॅकिंगमध्ये दोनशे दहा खोकी होती आणि बोट एक होतं. तीनच्या आत सगळी तपासायची तर पॅकिंगच्या बाराजणींची बोटं लागणार, ताईचं तेरावं. आणि एकदा का ताईला कळलं की हे काम बोटानं होतं, की खुर्ची कोणाचीही. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते. त्या पॅकिंगच्या दिशेनं निघाल्या.

वायरमन साहेबांनाही तिथे घेऊन आला, पण त्यांना दिव्यांचं पटेना. डोळ्यांनी दिसतं ते खोटं कसं, असं ते म्हणत राहिले. तेव्हा काकूंनी नणंदेला विनंती केली, लग्नानंतरची बहुधा दुसरी, की तुमच्या बाराजणी जरा द्या. ताईला कारण कळलं नव्हतं, पण वहिनी विनंती करतेय हे तिला इतकं आवडलं की तिनं बाराजणींना टोप्या, मास्क, एप्रन चढवून पॅकिंगच्या लांब टेबलाभोवती सारख्या अंतरावर उभं केलं. दोघींत चार पावलांचं अंतर. साहेबांनी डोळे मिटायचे. वायरमन टाळी वाजवेल तेव्हा क्षणभर उघडायचे आणि लगेच मिटायचे. आणि बायकांनी दोन टाळ्यांच्या मध्ये तीन पावलं पुढे जायचं.

टाळी. टाळी. टाळी.

"मागे चालल्यायत," साहेब म्हणाले.

त्यांना सांगितलं की पुढेच चालल्यायत. ते म्हणाले छे, प्रत्येक बाई एकेक पाऊल मागे घेतेय, मी काय वेडा आहे? डोळे उघडे ठेवून पाहा म्हटल्यावर त्यांनी पाहिलं. बाराजणी धपाधप पुढे जात होत्या. मिटून टाळीवर उघडले, मागे. उघडे ठेवले, पुढे. साहेबांना याचा नाद लागला. ते टाळी आणखी जोरात, आणखी जोरात म्हणू लागले, वायरमनचे तळहात लाल झाले, बायका पळू लागल्या, मास्कांच्या आत हसून हसून त्यांचा श्वास कोंडला. मग एकीनं तीनऐवजी चार पावलं टाकली, पुढचीवर आदळली, ती तिच्या पुढचीवर, आणि अख्खं चक्र खोक्यांच्या ढिगात जाऊन पडलं. साहेबांना घेरी आली. ते एका खोक्यावर बसले आणि म्हणाले की पटलं.

मग काकूंनी दुसरी गोष्ट सांगितली. बोटाची. ती सांगताना त्या कोणाकडे बघत नव्हत्या. मागे उभ्या असलेल्या मास्तरांनी जड आवाजात विचारलं की म्हणजे माझी मिशी एका हातमोज्यापायी गेली? काकू हो म्हणाल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची माफी मागितली.

वेळ नव्हता. वायरमननं तारा ओढल्या, खोकी फुटू लागली, मोटारी टांगून चालू होऊ लागल्या, आणि तेरा बायका हातमोजे काढून कडेला बोटं टेकवू लागल्या. पहिल्या मिनिटाला सगळ्या दचकल्या. दुसऱ्याला गुदगुल्या होतात म्हणाल्या. पाचव्या मिनिटाला त्या डोळे मिटून, एकमेकींशी बोलत, मोटरीकडे न बघता "सुलट", "उलट", "उलट", "सुलट" असं ओरडू लागल्या, आणि मास्तर उलट्या उचलून टोकं बदलत सुटले. सगळ्यांत वेगवान बोट ताईचं. काकूंनी तिच्या वीस मोटारी गुपचूप पुन्हा तपासल्या. वीसच्या वीस बरोबर.

पावणेतीनला शेवटचं खोकं चिकटलं. एकशे पंचवीस उलट्या निघाल्या होत्या. साहेब खुशीत टाळ्या वाजवत आले आणि काकूंना ज्याची भीती होती तेच बोलले. म्हणाले, म्हणजे तपासणीच्या खुर्चीवर आता कोणीही बसू शकतं. काकूंना हवं तर हलकं काम घेता येईल. "काय ताई, तुमचं बोट तर विजेसारखं चालतं. बसणार?"

ताईनं वहिनीकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"त्या कोंडवाड्यात?" ती म्हणाली. "दिवसभर तिथे बोलायचं कोणाशी, मोटरींशी? वेड लागलंय का मला."

साहेबांनी मग बाराजणींना एकेक करून विचारलं. एकीला उकडतं. एकीची मान दुखते. एक म्हणाली की तिथे बसलं की माणूस खडूस होतं, आणि म्हटल्यावर जीभ चावली. मास्तरांनी न विचारता नकार दिला. बाराव्या नकारापर्यंत काकूंची छाती हलकी झाली होती, आणि हलकी होताच तिच्यात संताप भरू लागला. बावीस वर्षं जी खुर्ची त्यांनी डोळ्यात तेल घालून जपली, ती फुकटातही कोणाला नको होती.

"अहो पण वाईट काय आहे त्यात?" काकू उसळून म्हणाल्या. "बसायला मिळतं. धूळ नाही. उशी आहे."

"मग बसा की तुम्हीच," ताई म्हणाली, आणि टेप फाडायला वळली.

साहेबांनी विचारलं, मग काकू, ठरलं ना?

काकूंनी पदर सावरला, विचार करून सांगते म्हणाल्या आणि सावकाश दारापर्यंत चालत गेल्या. आणि दाराबाहेर पडल्याबरोबर, कोणाचं मन बदलायच्या आत खुर्ची गाठावी म्हणून, पळत सुटल्या.